नकाशा हिरवा, तरी चौकशी का? रायगड किनाऱ्यावर ड्रोन उडवणाऱ्या मुलांसाठी

ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आवाज दबका होता. "टीचर, अब्बांना आत्ता सांगू नका. मी चौकीत बसलोय."

मुलगा वीस वर्षांचा, डिप्लोमाला आहे. दहावीपर्यंत माझ्याकडे गणित आणि भूगोल शिकला. किनाऱ्यावरच्या एका गावात, जेट्टीजवळ, त्यानं दहा मिनिटं ड्रोन उडवला. होड्या, नारळाच्या वाड्या, मागे डोंगर असा व्हिडिओ करायचा होता. कुणीतरी पोलिसांना कळवलं. मग तीन तास चौकशी झाली. नाव काय, वडील काय करतात, ड्रोन कुठून आणला, व्हिडिओ कुणाला पाठवणार? मगरिबच्या सुमारास लेखी जबाब घेऊन त्याला सोडलं. गुन्हा नोंदवला नाही. ड्रोन चार दिवसांनी परत मिळाला.

आता यातली खरी गंमत ऐका. मुलानं उडवण्याआधी सरकारी नकाशा बघितला होता. त्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये होता आणि ती जागा हिरवी होती. त्यानं तो दाखवला. समोरचे म्हणाले, "हे आम्हाला दाखवू नकोस, इथे आदेश आहे." तसा आदेश खरोखरच होता, नोटीस बोर्डावर लावलेला. म्हणजे मुलगा खोटा नव्हता आणि पोलीसही खोटे नव्हते. एकाच आकाशाचे दोन कायदे चालू होते आणि एकाची खबर दुसऱ्याला नव्हती. आपल्या पोरांना हे नीट समजावून सांगायलाच हवं, कारण किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात आता एक तरी ड्रोन आहे.

आधी पहिला कायदा बघू. आपल्याकडे २०१४ साली नागरिकांच्या ड्रोनवर बंदीच घातली होती. डिसेंबर २०१८ पासून नियम आले, पण ते इतके किचकट की शौकिया माणसानं नादच सोडावा. २५ ऑगस्ट २०२१ ला 'ड्रोन नियम २०२१' आले आणि चित्र पालटलं. विमानांच्या जगात आकाशाचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखतात, एपासून जीपर्यंत. अमेरिकेत शौकिया ड्रोनवाल्याला ही अक्षरं शिकावी लागतात. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून आपली मुलंही 'क्लास जी, क्लास जी' करत असतात. आपल्या ड्रोन नियमांनी मात्र सिग्नलसारखे तीन रंग दिले आहेत. हिरव्यात उड्डाणासाठी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. हा नकाशा २४ सप्टेंबर २०२१ ला 'डिजिटल स्काय'वर खुला झाला. तो कुणालाही मोफत बघता येतो, आणि प्रत्येक उड्डाणाआधी ताजा नकाशा बघणं ही उडवणाऱ्याची जबाबदारी आहे. मागच्या महिन्यात बघितला होता, हे कारण चालत नाही.

रंग जमिनीवर रंगवलेला दिसतो म्हणून पोरं फसतात. तो खरं तर उंचीचाही आहे. हिरवा म्हणजे जमिनीपासून ४०० फूट, साधारण १२० मीटरपर्यंतच हिरवा. त्याच्या वरती तीच जागा पिवळी होते. एक मजला तीन मीटरचा धरला तर ही चाळीस मजल्यांची उंची झाली. आपल्या गावातल्या मशिदीचा मिनार, वाडीतले माड, मोबाइलचा टॉवर, सगळं तिच्यापुढे बुटकं. चांगला व्हिडिओ करायला एवढी उंची पुरते, किंबहुना बहुतेक चांगली दृश्यं निम्म्या उंचीवरूनच येतात.

४०० हाच आकडा का? अमेरिकेत तोच, ब्रिटन आणि युरोपात १२० मीटर. उघड्या मैदानावरून किंवा समुद्रावरून उडणाऱ्या विमानांना, उतरण्या-चढण्याची वेळ सोडली तर, साधारण ५०० फुटांच्या खाली यायची मुभा नसते. खाली ड्रोन, वर विमान आणि मधे शंभर फुटांची मोकळी पट्टी.

पण किनाऱ्यावर ही पट्टी नेहमी मोकळी राहत नाही. तटरक्षक दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं गरज पडली की अगदी खाली येतात. जुलै २०२४ मध्ये अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ल्याजवळ एक बार्ज भरकटला होता. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरनं त्यावरच्या १४ जणांना उचलून किनाऱ्यावर आणलं. किनाऱ्यावर बघ्यांची गर्दी असते आणि त्यात एखाद्याला वाटतं, वरून शूट करू, व्हायरल होईल. पाव किलोचा ड्रोन हेलिकॉप्टरच्या पंख्यात गेला तर काय होईल, ते सांगायला नको. मानवी विमानाच्या वाटेत ड्रोननं यायचं नाही, हा नियम हिरव्या विभागातही लागू आहे. हेलिकॉप्टरचा आवाज आला की ड्रोन खाली घ्यायचा, मग व्हिडिओ कितीही चांगला चाललेला असो.

उंचीच्या बाबतीत कोकणात आणखी एक घोळ होतो आणि तो माझ्या विषयातला आहे, म्हणून जरा थांबते. रिमोटच्या स्क्रीनवर जी उंची दिसते ती सहसा जिथून ड्रोन उडवला तिथपासूनची असते, ड्रोनच्या खाली जी जमीन आहे तिथपासूनची नव्हे. सपाट मैदानात दोन्ही एकच. आपल्याकडे मात्र डोंगर थेट समुद्रात उतरतात. समजा तुम्ही ८० मीटर उंच डोंगरावर उभे आहात. ड्रोन १०० मीटर वर नेला आणि समुद्राकडे वळवला. स्क्रीन १०० दाखवते, तुम्ही खूश. पण खाली पाणी आहे आणि पाण्यापासून ड्रोन १८० मीटरवर आहे. तुम्ही पिवळ्या विभागात शिरलात आणि कळलंही नाही. उलटंही होतं. पुळणीवरून उडवून डोंगराकडे नेला तर स्क्रीनवर ९० दिसताना प्रत्यक्षात झाडांच्या शेंड्यांना घासायची वेळ येते. माझ्या वर्गात हे गणित मी फळ्यावर घातलं तेव्हा पहिलं बरोबर उत्तर एका मुलीनं दिलं. तिच्या घरी ड्रोन नाही, मासेमारीची होडी आहे.

आता ताजी गोष्ट, जी रायगडच्या उत्तर टोकाला नकाशा बदलायला लावणारी आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. नाव नवी मुंबईचं असलं तरी जागा रायगड जिल्ह्यातली आहे, पनवेल तालुक्यात, उलव्याला लागून. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत मोकळा हिरवा रंग मिळत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा आहे, पण फक्त २०० फूट, म्हणजे ६० मीटरपर्यंत. त्याच्या वर पिवळा. हे अंतर विमानतळाच्या मधल्या बिंदूपासून नव्हे, कुंपणापासून मोजायचं. पनवेल शहर, उलवे, गव्हाण, खारघर हे सगळे आता विमानतळाच्या अंगणात आले आहेत. उरण तालुक्याच्या उत्तरेकडच्या गावांनीही हे वर्तुळ नकाशावर स्वतः तपासावं. पूर्वी जिथे बिनधास्त पतंगासारखा ड्रोन उडवला, तिथे आता डोक्यावरून विमान उतरत असतं.

पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या वर्तुळाच्या बाहेर आहेत. २०२१ च्या आधीच्या नियमांत पिवळा विभाग विमानतळापासून ४५ किलोमीटरपर्यंत पसरलेला होता. तो तसाच राहिला असता तर अलिबागसुद्धा आज पिवळं झालं असतं. तेव्हा सरकारनं मोकळीक दिली नाही असं म्हणता येणार नाही. पण विमानतळ हेच लाल-पिवळ्याचं एकमेव कारण नसतं. बंदर, नौदलाच्या जागा, तेल-वायूचे आणि खतांचे मोठे प्रकल्प रायगडच्या किनाऱ्यावर एका रांगेत उभे आहेत. न्हावा-शेवापासून थळपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी दर वेळी नकाशा बघितल्याशिवाय बॅटरीसुद्धा लावू नये. आणि समुद्रावर गेलो म्हणजे कायद्याच्या बाहेर गेलो, असंही नाही. हे रंग किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर पाण्यावरही लागू आहेत.

वजनाबद्दल थोडक्यात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. शौकिया मुलांकडे या दोनच प्रकारचे ड्रोन असतात. नॅनो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही लागत नाही, जोवर तुम्ही धंदा करत नाही तोवर. लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेतले की शौक संपला आणि धंदा सुरू झाला. मग मायक्रोसाठी प्रमाणपत्र हवं. ते मिळायला वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, एवढं लागतं. पण प्रमाणपत्राची सूट म्हणजे नोंदणीची सूट नव्हे, इथे खूप जण गल्लत करतात. ड्रोनला स्वतःचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो, जसा गाडीला नंबर. फी शंभर रुपये आहे. नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो.

नोंदणीवरून आपल्या घराघरातला प्रश्न येतो. कोकणातल्या मुस्लिम घरांत कुणी ना कुणी आखातात असतोच. मामू सुट्टीवर येताना भाच्यासाठी ड्रोन आणतो. पूर्वी घड्याळ, मग कॅमेरा, आता ड्रोन. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठीच सूट, तीही मंजुरी घेऊन. त्यामुळे मामूच्या बॅगेतला ड्रोन विमानतळावर कस्टमवाले ठेवून घेऊ शकतात. तिथून निसटला तरी त्याची रीतसर नोंदणी होणं कठीण, आणि नोंदणी नसलेला ड्रोन म्हणजे चौकीत पहिल्याच प्रश्नाला अडकणं. माझा विद्यार्थी सुटला त्याचं एक कारण म्हणजे त्याच्याकडे भारतातल्या दुकानाचं बिल आणि नोंदणीचा कागद होता. बाहेर राहणाऱ्या भावांना कळकळीची विनंती आहे, भाच्याला ड्रोन द्यायचाच असेल तर पैसे पाठवा, तो इथे घेईल. शिवाय तुम्ही जिथे राहता तिथलेही नियम बघा. जानेवारी २०२२ मध्ये अबुधाबीवर ड्रोनहल्ला झाल्यावर यूएईनं शौकिया ड्रोनवर पूर्ण बंदी घातली होती.

आता दुसरा कायदा, नोटीस बोर्डावरचा. तो समजून घ्यायला या किनाऱ्याची आठवण लागते. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला आरडीएक्स उतरवलं गेलं. पुढच्या महिन्यात मुंबईत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातले लोकही दोषी ठरले, पण संशयाची सावली पडली ती किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांवर. २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला 'लेडी हान' नावाची रिकामी बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. बोट ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बिघडल्यावर सोडून दिलेली, असं निघालं. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात रडारवर संशयास्पद बोट दिसली, शेकडो पोलीस रस्त्यावर उतरले. शेवटी ती बोट नव्हती, पाकिस्तानी मासेमारीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया होता, असं सांगण्यात आलं. त्या रात्री नाकाबंदीत उभ्या असलेल्या शिपायाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आकाशात लुकलुकणारा ठिपका त्याला खेळणं वाटणार नाही.

आणि लोकांचंही तेच. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे ग्रामीण आणि बीडच्या भागात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी हवा झाली. गावंच्या गावं जागरण करत होती, विधिमंडळात प्रश्न आला. ड्रोनची भीती कुठल्या एका जमातीची नाही. पण फोन करून तक्रार झाल्यावर रिमोट कुणाच्या हातात आहे यावरून चौकशीचा सूर बदलतो. हे मी कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. माझ्या विद्यार्थ्याला विचारलेल्या प्रश्नांत 'व्हिडिओ कुणाला पाठवणार' हा प्रश्न तीनदा होता, एवढंच सांगते.

या सगळ्यामुळे प्रशासन मनाई आदेश काढतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे पूर्वीचं १४४. मोठ्या नेत्याचा दौरा, सण, सीमेवरचा तणाव, कारण काहीही असो. २०२५ च्या उन्हाळ्यात मुंबई पोलिसांनी महिना-महिनाभर ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून, सगळ्यावर बंदी घातली होती. असा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालू शकतो. तो मोडला तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, जीविताला धोका झाला तर त्याहून जास्त. आदेश कुणाचा, हेही रायगडात गोंधळाचं आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनसाठी जिल्हाधिकारी आणि रायगड पोलीस. पनवेल-उरणचा मोठा भाग मात्र नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो. पेणचा मुलगा दुचाकीवर उरणला गेला तर त्याच्या डोक्यावरचा आदेश बदलतो, जिल्हा तोच राहतो.

माझी तक्रार सुरक्षेविरुद्ध नाही, पद्धतीविरुद्ध आहे. ड्रोन नियमांतच अशा वेळेची सोय करून ठेवली आहे. तातडीची गरज असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरावीक जागेवर तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकतो. एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास, क्षेत्र गरजेपेक्षा मोठं न ठेवता, आणि डिजिटल स्कायवर नोंद करून. म्हणजे नकाशा उघडला की तो लाल दिसतो. मुलगा बघतो, ड्रोन बॅगेत ठेवतो, विषय संपला. त्याऐवजी कलम १६३ चा आदेश निघतो, महिनाभराचा, अख्ख्या हद्दीचा. तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आणि कार्यालयाच्या बोर्डावर लागतो, आणि नकाशा हिरवाच राहतो. सरकारचा एक हात म्हणतो उडव, दुसरा म्हणतो चल चौकीत. जिल्हा प्रशासनानं प्रत्येक ड्रोनबंदी नकाशावरही टाकली तर पोलिसांचाच अर्धा ताप वाचेल. नवा कायदा लागत नाही, २०२१ चा आहे तोच पुरेसा आहे.

तोवर मुलांनी काय करावं? नकाशाचा त्या दिवसाचा, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. बिल आणि नोंदणीचा कागद मोबाइलमध्ये ठेवा. आणि जायच्या आधी त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारा, ड्रोनवर मनाई आहे का? विचारायला लाजू नका. मराठीत, नाव सांगून, सरळ विचारा. रात्री उडवू नका. ड्रोन डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात ठेवा. कुणी वर्दीतला आला तर आधी ड्रोन खाली उतरवा, मग बोला. पळू नका, हवेत ड्रोन ठेवून वाद घालू नका. जप्त केला तर पावती मागा, तो तुमचा हक्क आहे.

जंजिऱ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण प्रत्येकाला तिथलाच व्हिडिओ हवा असतो. समुद्राच्या मधोमध सिद्दींचा किल्ला, वरून दिसतोही अप्रतिम. पण जंजिरा आणि अलिबागचा कुलाबा किल्ला ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. नकाशा हिरवा असला तरी तिथे ड्रोननं चित्रीकरण करायला त्या खात्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. राजपुरीच्या धक्क्यावरून गुपचूप उडवलेले व्हिडिओ लोक टाकतात म्हणून ते कायदेशीर होत नाहीत.

लग्नांचंही एक. हल्ली वलिम्यात ड्रोन असतोच. मंडपाला वरून छत असतं, पण बायकांच्या बाजूच्या अंगणाला नसतं. मागच्या हंगामात एका लग्नात ड्रोन त्या अंगणावर येऊन थांबला आणि आतून एका खालांनी थेट चप्पल फेकली. नेम चुकला. कुणाच्या खाजगी जागेत डोकावणं हा ड्रोन नियमांच्या पलीकडचा, फौजदारी मामला होऊ शकतो. पण खालांना कलम ठाऊक असायची गरज नव्हती.

माझा विद्यार्थी आता पुन्हा ड्रोन उडवतो. गेल्या आठवड्यात त्यानं गावच्या पोलीस पाटलांना नकाशा कसा उघडायचा ते दाखवलं. पाटलांनी पहिल्यांदा स्वतःचं घर शोधलं, मग विहीर, मग विचारलं, "हे सगळं हिरवंच आहे की रे. मग तुला बसवून का ठेवलं होतं?" मुलानं त्यांना बोर्डावरच्या आदेशाचा फोटो दाखवला. त्याची मुदत संपून नऊ दिवस झाले होते, कागद अजून तिथेच होता.